अंकुशदादांच्या गाडीतली कुई

रोज एकाच गाडीतून, त्याच सीटवर, त्याच माणसांच्या खांद्याला खांदा लावून जा-ये केली की किस्से शोधायला कुठं जावं लागत नाही. ते आपोआप साचतात, पायाखालच्या मॅटखाली खडी साचते तसे. परवा माझी नणंद म्हणाली, "वहिनी, तुमच्या गाडीत रोज एवढं घडतं तरी काय?" मी सांगायला बसले आणि माझ्याच लक्षात आलं, निम्मे किस्से एकाच आवाजाचे आहेत! गाडीच्या स्पीकरमधून येणाऱ्या एका 'कुईऽऽ'चे!

आधी माणसं सांगते, म्हणजे नंतर गोंधळ नको. गाडी अंकुशदादांची. दादा आमच्या फुलंब्रीचेच. घरी थोडी शेती, आणि नोकरी चिकलठाण्याच्या एका कंपनीत, प्रेस शॉपला. दिवसभर पत्र्यावर धडाम धडाम. त्यांच्या शेजारच्या सीटवर निकम सर, शहरात ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतात. अंगानं भरभक्कम, म्हणून पुढची सीट कायम त्यांची. मागं मी आणि रईसभाई. मी टीव्ही सेंटरजवळ एका लॅबमध्ये रक्ताचे सॅम्पल घेते. रईसभाई गुलमंडीत साडीच्या दुकानात सेल्समन. सकाळी फुलंब्रीहून निघायचं, चौक्याचा घाट, सावंगी, हर्सूल करत शहरात शिरायचं, संध्याकाळी तसंच परत. बस, एवढीच आमची दुनिया.

*

दादांना शौक एकच, बासरी. वाजवायचा नाही, ऐकायचा. प्रेसपाशी दिवस काढून आलेला माणूस गाडीत बसला की म्हणायचा, "आता कुणी बोलू नका. जरा कान धुऊन घेतो."

मग एका दिवाळीला दादांनी जुना रेडिओ काढून गाडीत नवी सिस्टीम बसवली. दारांत नवे स्पीकर, डिक्कीत वूफर, सरांच्या सीटखाली ॲम्प्लिफायर. पाडव्यानंतर पहिल्याच दिवशी दादांनी आम्हाला बसवलं, काचा वर केल्या, आणि म्हणाले, "आता ऐका."

बासरी सुरू झाली. खरंच सांगते, अंगावर काटा आला. वाटलं, वाजवणारा डॅशबोर्डवरच बसलाय. दादांनी गाडी गिअरमध्ये टाकली, ॲक्सिलरेटर दाबला... आणि बासरीच्या मागून दुसरंच काहीतरी निघालं. कुईऽऽऽ! गाडीनं वेग घेतला की ते वर चढायचं, ब्रेक दाबला की खाली यायचं.

दादांचा चेहरा पडला. सर घसा खाकरून बाहेर बघायला लागले. शेवटी रईसभाई मागून म्हणाले, "वा दादा! एक बासरी के साथ एक फ्री!"

सगळे हसलो. दादा नाही हसले. त्या दिवसापासून त्या माणसाला चैन नाही.

*

पहिल्या रविवारी दादा आम्हा सगळ्यांना घेऊन मोंढ्याकडच्या कार-ऑडिओवाल्याकडं गेले. "जेवढे कान जास्त, तेवढं बरं," म्हणे! सिस्टीम त्यानंच बसवलेली. सगळे त्याला पप्पू म्हणतात.

पप्पूनं गाडी चालू केली, मान तिरपी करून ऐकलं आणि म्हणाला, "डायनॅमो का आवाज है. फिल्टर लगाना पडेगा."

फिल्टर लावला. कुईऽऽ. दुसरा फिल्टर लावला. कुईऽऽ, पण जरा बारीक. सर तोवर खाली वाकून वायरी बघत होते. ते म्हणाले, "अरे, बॅटरीची जाड वायर आणि स्पीकरच्या सिग्नलची वायर तू एकाच बाजूनं, गळ्यात गळा घालून आणलीस. आवाज उडी मारणारच ना! एक डावीकडून ने, एक उजवीकडून." पप्पूला पटलं. त्यानं गाडीचं निम्मं पोट उघडून वायरी वेगळ्या केल्या. कुई निम्म्यावर आली.

"आधी डास होता," रईसभाई म्हणाले, "अब चिलट हो गया."

"चिलटच जास्त छळतं!" दादा म्हणाले. "पप्पू, पुरता घालव."

पप्पूनं पुन्हा मान तिरपी केली, बराच विचार केला, आणि चावी फिरवून इंजिन बंद केलं. गाडी शांत. बासरी एकदम स्वच्छ. पप्पू हात झटकत म्हणाला, "लो! गया!"

"अरे, गाडी बंद केलीस तू!"

"तो दादा," पप्पू अगदी गंभीर होऊन म्हणाला, "गाना खडी गाडी में सुनने का. चलाते वक्त रोड पे ध्यान देने का!"

*

मग संशयाचे दिवस आले. दादा प्रत्येक वस्तूकडं बघायला लागले, ही तर कुई करत नसंल?

एका सकाळी रईसभाईंनी फोनचा चार्जर सॉकेटमध्ये खुपसला आणि स्पीकर 'खर्रर्र' करायला लागला. दादांनी चार्जर उपटला. खर्रर्र बंद! दादांना वाटलं, सापडला चोर. खरं तर खर्रर्र गेली तरी कुई चालूच होती, पण ऐकतंय कोण! चार्जरवर बंदी आली. पुढं रोज सकाळी गाडीत बसताना विचारणा सुरू. "रईस, चार्जर घरी ठेवला ना?" "हौ दादा." "नक्की?" "हौ ना दादा."

एक दिवस कुई जरा मोठी होती. दादांनी हर्सूलला गाडी बाजूला घेतली, मागं वळले, आणि म्हणाले, "रईस, खिसे दाखव."

रईसभाईंचा चेहरा लाल झाला. "मैं चोर हूं क्या, दादा?" असं म्हणाले, दार उघडलं आणि उतरून चालायला लागले. दुसऱ्या दिवसापासून एसटीनं.

मागच्या सीटवर मी एकटी. पुढं दोघं गप्प. गाडीत नुसती कुई. आठवडाभर असं गेलं आणि दादांनाच उमजेना, आपल्याला त्रास नेमका कशाचा होतोय.

शेवटी एका सकाळी त्यांनी गाडी सरळ फुलंब्रीच्या बसस्टँडवर घातली, उभ्या एसटीच्या तोंडापुढं! ड्रायव्हर हॉर्न मारतोय, आणि दादा खिडकीखाली उभे. "रईस, खाली उतर."

"नक्को."

"अरे बाबा, तू नसलास तरी आवाज येतोय! तुझा काही गुन्हा नाय!"

रईसभाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "सब के सामने जोर से बोलो."

दादांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असं ओरडले, "रईसभाईचा चार्जर बेगुनाह आहे!"

आतून कंडक्टर म्हणाला, "भाऊ, निर्दोष सुटला का आता? मग उतरा, मला बस सोडायचीय!"

रईसभाई रुबाबात उतरले, गाडीत बसले, दार लावलं. चौका यायच्या आत हळूच म्हणाले, "दादा, फोन की बॅटरी लो है."

*

दादांची तगमग एवढी वाढली, की ते कुठंही गाडी थांबवायचे. बोलता बोलता बोट वर करायचे, "श्शऽ!" आणि गाडी कडेला! मी लॅबला उशिरा पोचायचे. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं माझ्या नावानं बोटं मोडत बसलेली असायची.

घाटात एकदा अशीच गाडी थांबवली. दादा म्हणाले, "आज आवाजाची जागाच धरू. चौघं चार बाजूंना कान लावा." झालं! सरांनी सीटवरून पुढं सरकून डॅशबोर्डला कान लावला. रईसभाई डिक्कीत अर्धे आत, पाय बाहेर. दादा सीटखाली डोकं घालून. मी मागच्या दाराला कान लावून वाकलेली. इंजिन चालू, सगळे चिडीचूप.

तेवढ्यात एक म्हातारा मेंढपाळ मेंढरं घेऊन खाली आला. आमच्याकडं बघून थांबला. मेंढरंही थांबली. बराच वेळ बघून त्यानं मला विचारलं, "काय अडकलं का, बाई?"

मी म्हटलं, "आवाज, बाबा."

"आवाज अडकलाय?"

"व्हय. निघतच नाय. लई दिवस झाले."

म्हाताऱ्यानं काठी काखेत धरली, वाकून गाडीत डोकावला. आत घुसलेले दादा बघितले, सर बघितले, रईसभाईंचे पाय बघितले. मग सरळ झाला आणि म्हणाला, "मग दारं लावून कामून बसलाव? उघडा की सगळी. जाईल निघून!"

*

बरं, हा आवाज कमी होता म्हणून की काय, दुसरा एक सुरू झाला. वूफरचा ठोका पडला की डाव्या दारात 'टिंग'. दादांना तो टिंग ऐकू येईना. आम्ही तिघं सांगायचो, "आला, आला!" आणि दादा म्हणायचे, "कुठं? मला तर कुईच येते." आम्ही म्हणायचो, ध्यास लागलाय माणसाला.

रविवारी दादांच्या अंगणात दार उघडायचं ठरलं. दादांनी स्क्रू काढले, आतली प्लास्टिकची पाटी ओढली. काचेच्या फटीतून पडलेली दुनिया आत! सुपारीचे तुकडे, एक चपटी झालेली टॉफी, सरांच्या पेनाचं टोपण. आणि सगळ्यांत खाली, स्पीकरला टेकलेली, केसांची एक चमकी लावलेली क्लिप. तीच टिंग!

सगळे खूश. तेवढ्यात मंदावहिनी, म्हणजे दादांची बायको, चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. क्लिप दादांच्या हातात. वहिनींनी ट्रे खाली ठेवला.

"ही कुणाची?"

दादा म्हणाले, "दारात होती."

"दारात होती ते दिसतंय. दारात गेली कशी? माझी नाय ही."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "देवाशप्पथ, माझे केस बघा की! खांद्यालासुद्धा पोचत नाहीत!" रईसभाई चहाचा कप घेऊन हळूहळू फाटकाकडं सरकायला लागले. सर म्हणाले, "वहिनी, गाडी सेकंड हँड आहे. आधीच्या मालकाच्या घरची असणार."

वहिनींनी क्लिप घेतली, पदरानं पुसली, सगळ्यांसमोर स्वतःच्या अंबाड्यात खोचली. म्हणाल्या, "असंल. जिची असंल, तिला म्हणावं, ये न्यायला!"

आजतागायत कुणी आलेली नाही.

*

कुईचा खरा शोध लागला तो सरांमुळं. पण सरांच्या डोक्यामुळं नाही, वजनामुळं!

झालं असं, की सर कॉलेजच्या परीक्षेच्या कामाला बाहेरगावी गेले. पुढच्या सीटवर मी बसले, आणि कुई अशी उठली म्हणता! कान किटले. दादांनी पप्पूला फोन लावून झापलं. दोन-चार दिवसांनी सर आले, आपल्या जागी बसले, दार लावलं. कुई एकदम खाली! आम्ही एकमेकांकडं बघतोय.

रईसभाई म्हणाले, "सर, जरा उठो."

सर सीटवरून वर झाले. कुईऽऽऽ!

"बैठो." सर बसले. कुई दबली.

"उठो." कुईऽऽऽ! "बैठो." शांत.

भर रस्त्यात, चौक्याजवळ, निकम सरांनी एवढ्या उठाबशा काढल्या, की शेवटी ते घामाघूम होऊन म्हणाले, "आता बास! मला कळलं. ॲम्पची अर्थिंग कुठं जोडलीय?"

बघितलं तर काय, पप्पूनं अर्थिंगची वायर सरांच्याच सीटच्या बोल्टला आवळलेली! तो बोल्ट ढिला, आणि खाली रंगाचा थर. सर बसले की सीट दबायची, वायर पत्र्याला टेकायची, करंट नीट गाडीच्या बॉडीत जायचा. मी बसले तर माझ्या वजनानं बोल्टला जाणीवसुद्धा होत नव्हती! घाटात चौघांनी मिळून कान लावले तेव्हा सगळं ऐकलं, पण रिकाम्या झालेल्या सीटकडं कुणाचं लक्षच गेलं नव्हतं.

"सर," दादा हात जोडून म्हणाले, "एवढे दिवस तुम्ही माझं अर्थिंग होतात, आणि मला ठाऊक नाही!"

त्या आठवड्यात पप्पूकडं जायला वेळ नव्हता. शनिवारी दादांचा सरांना फोन. "सर, उद्या आम्ही खुलताबादला निघालोय. तुम्ही येता का?"

सर खूश झाले. "अरे वा! काही कार्यक्रम आहे का?"

"नाय, कार्यक्रम घरचाच आहे. तुम्ही काय करू नका. तुम्ही नुसते बसा!"

*

पुढच्या रविवारी पप्पूनं बोल्ट काढला, खालचा रंग खरवडला, पत्रा चकचकीत केला, नवी अर्थिंग घट्ट आवळली. गाडी चालू केली. सरांना मुद्दाम बाहेर उभं केलं. ॲक्सिलरेटर दाबला, सोडला, परत दाबला.

काही नाही! एकदम स्वच्छ! बासरी अशी, की वाजवणाऱ्याचा श्वाससुद्धा कळावा. पप्पूनं टाळी वाजवली. रईसभाईंनी सरांना मिठी मारली. मी म्हटलं, चला, सुटलो एकदाचे! आता मी वेळेवर लॅबला पोचणार.

दादा स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेले. म्हणाले, "येतोय की."

आम्हाला वाटलं, गंमत करतात. सर आत बसले, कान दिला. "नाही हो दादा."

"येतोय. बारीक येतोय."

पप्पूनं वूफर बंद केला. "अब?" "येतोय." सिस्टीमची वायरच काढली. "अब?" "येतोय." इंजिन बंद केलं, चावी काढून हातात दिली. "अब बोलो दादा, गाडी मर गयी पूरी!"

दादांनी एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. कुणी हसत नव्हतं. मग पप्पूला म्हणाले, "आता नाय येत. गेला."

परत येताना दादांनी बासरी लावली नाही. रईसभाईंनी मागून हात पुढं करून दादांचा खांदा दोनदा दाबला.

*

त्यानंतर मंदावहिनींचा मला फोन आला. रविवारची दुपार. "शोभा, तू जरा घरी येती का? ह्यांचं काय तरी बिनसलंय."

मी गेले. घरात एक पंखा चालू नाही. उकाड्यानं जीव जातोय. दादा टेबलावर चढून ट्यूबलाइटचा चोक काढत होते. वहिनी पदरानं वारा घेत म्हणाल्या, "सकाळपासून चाललंय. आधी पंखे बंद केले. मग इन्व्हर्टर. मग टीव्हीची पिन काढली. मग फ्रीज! सगळं दूध नासलं. म्हणतात, घरात काहीतरी कुई करतंय. भिंतीवरचं घड्याळसुद्धा सेल काढून ठेवलं बघ."

मी दादांना म्हटलं, "दादा, खाली या. माझ्या लॅबच्या वरच्या मजल्यावर कानाचे डॉक्टर बसतात. एकदा दाखवू."

दादा टेबलावरूनच चिडले. "माझे कान? अगं, तुम्हा कुणाला ऐकू येईना ते मला ऐकू येतं! माझे कान तर जास्त चालतात!"

"कंपनीत कानात घालायला बोळे देतात ना?" मी विचारलं.

"देतात की. पण बोळे घातल्यावर प्रेसचं कळायचं कसं? मशीन बिघडायच्या आधी आवाज बदलतो. तो ऐकावा लागतो. एवढी वर्षं ऐकत आलो." मग त्यांचे हात थांबले. चोक हातात तसाच. हळू आवाजात म्हणाले, "शोभा, तुला खरंच येत नाय?"

मी म्हटलं, "नाही, दादा."

"मंदे, तुला?"

वहिनींनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण बोलल्या भांडल्यासारख्या, "उतरा खाली! दाखवा एकदाचे ते कान, आणि मला माझा फ्रीज लावू द्या!"

*

पुढचं सगळं बरं झालं, ते आधीच सांगून टाकते. डॉक्टरांची चिठ्ठी बघून कंपनीनं दादांना प्रेसवरून काढून स्टोअरला दिलं. फ्रीज चालू आहे. गाडीत आता बासरी सतत असते, अगदी बारीक आवाजात, बोलणं बुडणार नाही एवढी. दादा ती बंद करू देत नाहीत, आणि गाडीही मधेच थांबवत नाहीत. पण तपासणीच्या दिवशीचं सांगायचं राहिलं.

आम्ही चौघंही गेलो. सर आणि रईसभाई बाहेर बाकावर. मी लॅबची म्हणून मला आत बसू दिलं. कान तपासायची एक छोटी खोली असते, फ्रीजसारखं जाड दार, मधे काचेची खिडकी. बाहेरचा एक कण आवाज आत जात नाही. तपासणारी मुलगी नवीनच लागलेली, गोड होती. तिनं दादांना आत खुर्चीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात एक बटण दिलं.

"काका, घाबरायचं काही नाही. बारीक बारीक आवाज येतील. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. जोवर येतोय तोवर दाबून धरायचं. गेला की सोडायचं. कळलं?"

"कळलं की," दादा म्हणाले. कंपनीत नवी मशीन हातात आली की माणूस बसतो ना, तसे ताठ बसले.

तिनं जाड दार लावलं आणि बाहेर येऊन माझ्या शेजारच्या टेबलापाशी बसली. खुर्ची पुढं ओढली, केस बांधले, पाण्याचा घोट घेतला. तिच्यासमोरच्या मशीनवर एक लाल दिवा होता. आत बटण दाबलं की तो लागायचा.

दिवा लागला.

तिचं लक्ष नव्हतं, ती बाटलीचं झाकण लावत होती. मी काचेतून बघितलं. दादांनी बटण मुठीत आवळून धरलं होतं. चेहरा एकदम उजळलेला! कितीतरी महिन्यांत मी दादांना असं बघितलं नव्हतं. मला खूण करत होते, मान डोलवत होते, 'बघ, येतोय! मी सांगत नव्हतो?'

दिवा काही विझेना. मुलीनं बघितलं, दोनदा मशीनवर टिचकी मारली, मग काचेवर. दादा तसेच, बटण दाबून. शेवटी ती उठली, ते जाड दार उघडलं आणि हेडफोन जरा बाजूला करून म्हणाली, "काका, बटण सोडा. मी अजून मशीन चालूच केलेलं नाही."

दादांनी तिच्याकडं बघितलं. मशीनकडं बघितलं. काचेतून माझ्याकडं बघितलं. मूठ सोडली नाही.

"व्हय का?" ते म्हणाले. "मग जे चालू हाय, तेवढं बंद कर की, पोरी."